पंधरा टक्के, खाली माझी सही

३ मे
डोकं फिरलंय! एक टेलर आणि त्याची मुलगी आमच्या सल्ला केंद्रात प्रवेशाच्या शक्यतेचा रिपोर्ट न्यायला आले होते. तिला आर्किटेक्ट व्हायचंय. टेलरने काउंटरवरच मोठ्यांदा वाचलं – "सरकारी विद्यापीठ पंधरा टक्के, खाजगी पंच्याण्णव. पंधरा म्हणजे शंभरात पंधराच ना, मॅडम?"
मी सत्तर लिहिले होते! गेल्या पाच वर्षांच्या याद्या मांडल्या, तर तिच्या गुणांवर त्यांतली चार वर्षं प्रवेश मिळाला असता, म्हणजे ऐंशी टक्के. यंदा अर्ज वाढलेत म्हणून दहा कमी केले. सत्तर! आणि कागदावर पंधरा. खाली माझी सही.
केंद्र चालवणारे साहेब शेजारीच उभे होते. मी मान डोलावली. डोलावली!

४ मे
साहेबांना विचारलं, आकडा कोणी बदलला?
"आकडा नाही हो, सूर बदलला. पालक आशेवर बसले की दोन्हीकडून जातात. आपण त्यांना वाचवतो."
सूर म्हणे! वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. खाजगीवाले पाठवलेल्या प्रत्येक मुलामागे कमिशन देतात, हे ऑफिसात शिपायालाही ठाऊक आहे. मलाही होतं. वाटायचं, नुसती खाजगीची भलामण करत असतील, आकड्याला हात लावत नसतील.

५ मे
घरी सांगितलं. हे म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? पगार वेळेवर होतोय ना?" मी ताट आपटलं. भाजी भिंतीवर. पुसली मीच.

६ मे
टेलरच्या दुकानात गेले, खरा आकडा सत्तर म्हणून सांगितलं. वाटलं होतं, बिचारा हात जोडेल. कसलं काय! कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "हा कागद तुमच्याच सहीचा ना? आज सत्तर म्हणता, परत कधी तिसरा आकडा घेऊन याल. उद्या खाजगीची फी भरायचीय. दोन मशीनं विकलीत मी."
त्याचं काय चुकलं?
पाच वर्षांच्या याद्यांची माझी वही उघडून टेबलावर ठेवली. मुलगी बोट ठेवून एकेक वर्ष तपासत राहिली. घाई नाही, काही नाही. मग म्हणाली, "सत्तर, म्हणजे तीस टक्के नाहीसुद्धा. बरोबर?"
म्हटलं, "बरोबर."
"बाबा, ह्या खरं बोलतायत. खोटं बोलायचं असतं तर शंभर म्हणाल्या असत्या. सरकारीचा फॉर्म परवापर्यंत आहे. भरू या."
टेलरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भर," एवढंच म्हणाला. मग त्यानेच विचारलं, "आणि उद्याची फी?" "नको भरायला. यादीपर्यंत थांबू," मुलगी म्हणाली.

७ मे
नोकरी सोडली. साहेब हसून म्हणतात कसे, "तुमची सही स्कॅन केलेली आहे, मॅडम. तुम्ही नसलात तरी चालेल." तशीच खुर्चीत बसून राहिले. त्यांनी ती माझ्यासमोर कॉम्प्युटरवरून पुसली, तेव्हाच उठले. दार आपटून निघाले. रागानं. भीतीनं नाही!

२० जून
परवा सरकारीची यादी. सत्तर टक्के म्हणजे दहांतल्या तिघी बाहेर राहतात, हे मीच शिकवायचे पोरांना. आता तेच तीन डोळ्यांसमोर नाचतात. नाही लागला नंबर तर? मशीनं गेलीच आहेत, खाजगीची जागाही गेली. साहेबांना बोल लावायला मी मोकळी. टेलरने कोणाला लावायचा?
ह्यांनी न विचारता चहा करून दिला. तेही बरंच.

२२ जून
आहे! खालून अकरावी, पण यादीत आहे! स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. जळा म्हणावं आता साहेबांना!

२३ जून
टेलरचा फोन. आधी आभार. मग जरा घुटमळून, "मॅडम, गेल्या वर्षी माझ्या भाचीलाही तुमच्याकडेच आणलं होतं. नऊ टक्के सांगितले. खाजगी परवडत नव्हतं, सरकारीचा फॉर्म भरलाच नाही. आता माझ्याच दुकानात काजं करते. तिचे गुण सांगतो, बघता का?"
त्या वेळी मी खरा आकडा किती लिहिला होता, आठवेना. पुन्हा सगळं मांडलं.
ऐंशी.
अजून त्याला उलट फोन केलेला नाही.