कपाटामागची वायर

दादा,

कॉम्प्युटरचं नेट सुरू केलंय. आता तुझी कामं अडणार नाहीत.

सोमवारी पुण्याच्या नोकरीची माझी ऑनलाइन मुलाखत होती आणि ऐन वेळी नेट बंद पडलं. तू म्हणालास, "कॉम्प्युटरचं वायर लावायचं पोर्ट जळलं असंल, आता कायच व्हत न्हाई." मी ते खरं मानलं. मुलाखत बुडाली.

काल कॉम्प्युटर उचलून राउटरपाशी नेला, दुसरी छोटी वायर लावली, तर पोर्टचा हिरवा दिवा लगेच लागला. मग आपली लांब वायर भिंतीच्या कडेनं चाचपत गेले. कपाटामागं ती पक्कडीनं सरळ तोडलेली होती. आईला दाखवली. ती खाली बघून म्हणाली, "त्येला तुजी काळजी हाय गं. तिकडं एकटी कशी ऱ्हाशील?" म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

नवी वायर धारूरहून आणून मीच बसवली. कंपनीनं मुलाखतीला गुरुवारची नवी वेळ दिलीय. मी अंबाजोगाईला मंगलमावशीकडं चाललेय, मुलाखत तिथूनच देईन.

तुला नको होतं तर तोंडावर सांगायचं होतंस, दादा. मी भांडले असते, रडले असते, पण अशी न सांगता गेले नसते.

स्वप्नाली