चौथं झाड

मंगळवार, १२ जून

चि. बोक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट आणि त्यातलं तू काढलेलं चित्र पोचलं. मी बरी आहे. डोळ्यांनी अजून दगा दिलेला नाही, त्यामुळे गिरणीत कापड तपासायला मलाच बसवतात आणि पोरी मला पाठीमागं ‘गिधाड’ म्हणतात. म्हणोत बापड्या.

चित्राच्या मागं तू एकच ओळ लिहिलीस, ‘पुढच्या महिन्यात बाळ येतंय, सांभाळायला तूच ये.’ वाचून मी चक्क रडले. चौदा वर्षांत तू मला कशाला म्हणून बोलावलं नव्हतंस.

जेवणाच्या सुट्टीत चित्र टेबलावर ठेवलं आणि धागे मोजायच्या भिंगातून पाहिलं. सवय, दुसरं काय! आपल्या जुन्या खोलीच्या खिडकीतली झाडं लगेच ओळखली. मग पेन्सिलीच्या छायेच्या रेघा पाहिल्या. ट्विल कापडात तिरकी रेघ उजवीकडे चढते की डावीकडे, हेच मी दिवसभर बघते. तुझ्या रेघा डावीकडे चढतात. म्हणजे तू डाव्या हातानं काढायला शिकलास. कधी बोलला नाहीस.

उजव्या हाताचं जे झालं, त्याला कोण काय करणार? वारा होता, दार आपटलं, बोटं सापडली. डॉक्टरांना मी तेच सांगितलं आणि तूही मान हलवलीस. झालं गेलं. मी रजेचा अर्ज देते आणि दुपटी शिवायला घेते.

इथवर लिहून पत्र पाकिटात घालणार होते. पण खिडकीबाहेर झाडं तीनच होती रे. चित्रात चार आहेत.

पुन्हा भिंग लावलं. कडेचं ते काळं खोड म्हणजे दार आहे. त्याला कडी आहे. कडीच्या वर, फटीत, एक डोळा आहे. माझा.

वारा नव्हता, बोक्या. माझ्या नेमणुकीच्या पत्रामागं तू झाडं काढली होतीस आणि दुसऱ्या दिवशी ते पत्र मला गिरणीच्या गेटवर दाखवायचं होतं. माझं डोकं फिरलं. तू चौकट धरून बाहेर उभा होतास, ‘ताई, चुकलं’ म्हणत होतास. मी दार लोटलं. बोटं तेव्हा दिसली नव्हती, आईशपथ. तू किंचाळलास, दार जरा मागं आलं आणि फटीतून आपण एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा बोटं दिसली. मग मी खांदा लावून, होता नव्हता तो जोर काढून दार पुन्हा लोटलं. हाडं मोडल्याचा आवाज ऐकला. मला बरं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. रक्त उंबऱ्यावर आलं तेव्हा मी आधी ते पत्र उचललं, डाग पडू नये म्हणून.

त्याच पत्रावर नोकरीला लागले. ऑफिसच्या फायलीत ते अजून असेल. मागं तुझी तीन झाडं, रेघा उजवीकडे चढणाऱ्या.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं आणि तरी ‘तूच ये’ म्हणालास. का, ते मला कळत नाही. माफी मागायला मला तोंड नाही. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही. हे माझ्या हातचं वाचूनही बाळ माझ्याच हातात द्यावंसं वाटलं, तर एक ओळ लिही.

दुसऱ्यांदा बघून दार लोटणारी,
तुझी ताई