हात नाय, तर हुकूम नाय

जाफराबाद बंदर,
ता. ११ जानेवारी १९६६

हंसाबाय,

दादूचा नमस्कार. भाओजींना आणि तुझ्या सासूबाई गोदूबाईंनाही सांग. मी खुशाल आहे, अंगाने जरा भरलोय. तुझं पत्र मी बोट फिरवत वाचलं, मग आमची होडी चालवणाऱ्या भिका तांडेलाने मोठ्याने वाचलं, तेव्हा मला खरं वाटलं.

तुझ्या बन्सीचे केस डोळ्यांत जातात आणि वाणगावच्या बाजारात बाया त्याला पोरगी समजून बांगड्या दाखवतात, हे ऐकून सगळी होडी हसली. गोदूबाई म्हणतात ना, मामा येत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या मांडीवर पोराचं जावळ काढू? त्यांना सांग, थांबा. मांडी येतेय.

इकडे यंदा बोंबील रग्गड. वाळत टांगायच्या कामात मी पहिला. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची, की पुढची जोडी. ह्यात मी हरवत नाही. भाताचं तसं नाही. भात चुलीवर ठेवून पाण्याला गेलो की पाण्यापाशीच उभा राहतो. कशाला आलो तेच सुटून जातं. परवा पुन्हा करपला. भिका म्हणाला, "करपव रे बाबा. आमाला आता पांढरा भात बाधंल."

तू विचारलंस त्याचं उत्तर अजून दिलं नाही. देतो.

दिवाळीत मी बोईसरला उतरलो होतो. तू हाक मारलीस आणि मी परत गाडीत चढलो. "एवढा कसला राग रे?" असं तू लिहिलंस. राग नव्हता, बाय. हाक ऐकू आली होती. पण गेलं वर्षभर मला माणूस नसतानाही हाका येतात. कधी तुझ्या आवाजात, कधी आपल्या मेलेल्या बाच्या. "दादू, पळ, धरतील." फलाटावर तारापूरच्या वीजघराच्या कामावरची माणसं, त्यांची हिंदीतली ओरड, सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटलं. त्यात तुझी हाक कुठली आणि ती दुसरी कुठली, मला निवडता आली नाही. पालघरला उतरलो आणि तिथूनच उलटी गाडी धरली.

मग एक दिवस होडीत "दोर सोड" ऐकलं आणि मी सोडला. कुणी बोललंच नव्हतं. जाळं बोंबलांसकट दर्यात. सगळे अंगावर आले, भिका तेवढा नाही. त्याने बाजूला बसवून विचारलं, मी सांगितलं. त्याने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, हा आजार आहे, गोळ्या रोज घ्यायच्या. गोळ्यांनी आवाज लांब गेलेत, शेजारच्या होडीत बसल्यासारखे. पार गेले नाहीत. आणि भिकाने होडीवर कायदा केला: "दादूला कोन काय सांगंल त्यानं आदी खांद्यावर हात ठेवायचा. हात नाय, तर हुकूम नाय. आनि एका टायमाला एकच काम."

बाय, एवढ्याने किती सोपं झालं म्हणून सांगू! हात आला की माणूस खरा. रामा खलाशी तर मस्करीलाही हात ठेवतो. "दादू, तुझं लगीन ठरवलं." हात होता, म्हणून मी खरं धरलं आणि दिवसभर गाणी म्हटली. माझ्या सदऱ्याचा उजवा खांदा मासळी लागलेल्या हातांनी काळा पडलाय. धुऊन वास जात नाही. मांजरं मागे लागतात.

सुके बोंबील आणतोय, आणि बन्सीला लाल टोपडं. जावळाला बाया एकदम ओरडतील, "दादू, डोकं धर," "दादू, पाय धर." तसं नको. एकटी तूच सांग. गोळीने माझे हात जरा कापतात, पण वस्तरा न्हाव्याच्या हातात, माझी नुसती मांडी. भाओजींना हे सगळं वाचून दाखव, लपवू नको.

माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येतो. बोईसरला उतरून जागेवरच उभा राहीन. कुणी काही म्हणो, हलणार नाही. तू लांबून हाक मारू नको. जवळ ये. उजवा खांदा, वासाने कळेल.

आधी हात ठेव, मग बोल.

तिथे उभा असलेला,
तुझा दादू