काचेच्या दोऱ्याला घडी चालत नाही

प्रिय धाकटे,

थोरलीचे भरभरून आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझे दोन्ही दुखतात, तेव्हा एकाचं फार कौतुक करून घेऊ नकोस.

आता ऐक. आमच्याकडे इंटरनेटची नवी लाइन आली. वायर जास्तीची, भिंतीवर लोंबत होती. त्याच सकाळी नातीची नोकरीची मुलाखत, कॉम्प्युटरवर. वर्षभर घरी बसलेली पोर. म्हटलं, तिच्या पाठीमागे साहेबांना असला पसारा दिसायला नको. म्हणून मी वायरीची घट्ट घडी घातली, नाडीनं आवळली आणि कपाटामागे सारली. (इतकी सुबक, की मीच पुन्हा जाऊन पाहून आले.) नात इस्त्रीचा शर्ट घालून बसली आणि समोर नुसतं गोल चक्र फिरतंय.

"आजी, कशाला हात लावलास?"

"हात कसला, आवरलं फक्त."

सूनबाईनं कपाळ धरलं. मग मोबाइल काढला. तो बिनवायरीचा, हवेतून चालणारा, पण आमच्या जाड भिंती त्याला मानवत नाहीत. रेंज मिळाली ती थेट जिन्यात. पोर पायरीवर बसून साहेबांना उत्तरं देतेय आणि मी खाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणेनं गप्प करतेय. (वरच्या डॉक्टरीणबाई चपला हातात घेऊन गेल्या, बिचाऱ्या.)

दुपारी लाइनवाला आला. माझी घडी पाहून हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "आजी, जुन्या तारेत तांबं असायचं, त्यातून वीज जायची, वाकवलं तरी चालायचं. हिच्यात केसाएवढी काच आहे. तुमचं बोलणं उजेड होऊन तिच्यातून पळतं. फार वाकवलं की उजेड बाहेर गळतो." अगं, मला इतकं पटलं. माणसालाही फार दाबलं की त्याच्या तोंडून गळतंच की. घरचे माझ्यावर फुगलेले आणि मी आपली दिवसभर खूश. आपलं बोलणं म्हणजे उजेड, आणि आपण मेलं त्यात भाजीचे भाव बोलतो.

काल कळलं, नोकरी मिळाली.

तुझी,
थोरली

ता. क. नोकरी तुझ्याच गावात आहे. पोर होस्टेलवर राहीन म्हणते, मावशीआजीला त्रास नको म्हणून. तुझी मागची खोली रिकामीच असते ना?

आणखी एक. हो म्हणायचं असेल तर पत्र टाक. नाही म्हणायचं असेल तर मात्र फोन कर. मला ऐकू कमी येतं म्हणून मी तो मोठ्यानं लावते, म्हणजे तुझा नकार सगळ्या घराला तुझ्याच तोंडून ऐकायला मिळेल.