तुमच्या जावयाची रिळाची काठी

आबा,

तुमचे जावई म्हातारपणी मासे धरायला लागलेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले, छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले मन रमवा, तर या गृहस्थांनी रिळाची काठी आणली. आता रोज हर्सूलच्या तलावावर मीही जाते, राखणीला.

तुमचा बांबू आठवतो. दोरी शेंड्यालाच बांधलेली, वाढवायची सोय नाही. मासा पळेल तसे तुम्ही शेंडा उभा धरून काठानं त्याच्या मागं चालायचात. फारच जोर केला तर अख्खा बांबू पाण्यात फेकून द्यायचात. बांबू तरंगतो, मासा तो ओढून ओढून दमतो, मग सावकाश दोघांना आणायचं. पण त्या दिवशी बांबू पार मधे गेला आणि तुम्ही पटका माझ्या हातात देऊन आत उतरलात. तुम्हाला कुठं धड पोहता येत होतं? पाणी गळ्याला लागलंय, मी काठावर बोंबलतेय आणि तुम्ही तिकडून खेकसताय, "रडू नकू गं, मासा बुजतोय!" मासा आला, तुम्हीही आलात. कालवण सगळ्यांनी ओरपलं, माझ्या घशाखाली उतरलं नाही.

म्हणून ही रिळाची काठी मला आधी बरी वाटली होती. मासा पळाला की दोरी सुटत जाते, दमला की गुंडाळायची. माणसाला जागचं हलावं लागत नाही. काल मोठा कटला लागला. बराच वेळ दोरी सोडणं, ओढणं चाललं, आणि काठाशी येता येता तो बुडालेल्या बाभळीत शिरला. दोरी हलेना. ही काठी फेकायचीही सोय नाही, रिळाच्या वजनानं बुडते. "अडकलाय. धर गं जरा, सोडवून येतो. लई मोठा हाय," म्हणत त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि पाठमोरे बसून बूट काढायला लागले. माझ्या हातात मला तुमचा पटकाच दिसला.

ते वळले तेव्हा दोरी सैल लोंबत होती. टोक निरखून म्हणाले, "काट्यानं कापली वाटतं." मी म्हटलं, "व्हय."

काकडी चिरायची सुरी माझ्या पदराखाली होती, आबा. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं, हातचा कटला घालवला म्हणून तुम्ही खवळला असतात. आज त्यांनी जाड दोरी आणलीय. आता तुटायची नाही, म्हणतात. मी सुरीला धार लावून ठेवलीय.