मतवाली

१२ जाने., सोम.
मिळाली एकदाची तारीख! २५ ला, रविवारी. मत फक्त गावातल्या बायांचं. दारूचं दुकान ठेवायचं की नाही, एवढाच सवाल. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे राहू द्या, आडवीवर म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांचा शिक्का आडवीवर पाहिजे, म्हणजे जी घरी बसली तीही दुकानाच्याच कामाची. अंगणवाडीच्या कमलताईंना भर रस्त्यात मिठी मारली.

घरी आले तर संजूभाऊ, माझे दीर, परत नालीकडेला सापडलेले. ह्यांनी उचलून आणलं. सासूबाईंनी लेकाचे पाय धुतले.

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगुळाच्या निमित्ताने घरोघर आ.बा. (आडवी बाटली) चा प्रचार. स्टँडवरच्या टपरीतून कोणीतरी ओरडलं, "आली पाह्य मतवाली!" सगळे खो खो हसले. मतवाली म्हणजे नशेत झिंगलेली. आणि म्हणणारे कोण, तर सकाळपासून टाकून बसलेले! मला संतापाने रडूच फुटलं.

कमलताई म्हणाल्या, "काऊन रडतं वं? मत हाय ना आपल्यापाशी? मंग मतवालीच ना आपण!"

रडता रडता इतकी हसले की पिशवीतले लाडू सांडले.

१५ जाने., गुरु.
प्राचीला फोनवर मतवाली सांगितलं. ती मलकापूरला कॉलेजात. म्हणे, "आई, आम्हाला सरांनी विलायतेतली जुनी चित्रं दाखवली. मत मागणाऱ्या बायांना मिशा काढायचे. आणि नवरा घरी, कडेवर लेकरू, भोकाड पसरून रडतंय."

ह्यांना सांगितलं. हे पोळ्या शेकत होते. स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लेकरू कुठाय?"

१७ जाने., शनि.
आमच्याकडे हळदीकुंकू. अंगण भरलं. मी जोरात विचारलं, शिक्का कुठे मारायचा? आणि सासूबाई, आजवर या विषयावर तोंड न उघडलेल्या, म्हणाल्या, "उभीवर."

मी गारच.

"उभी म्हंजे बूच लावेल. बंद. आडवी म्हंजे पिऊन फेकेल. आडवी झाली का संजू दुसरी आणाले जाते. मले नको सांगू, मी रोज पाह्यतो."

आणि चार-पाच म्हाताऱ्या माना डोलावतायत! बाप रे. मग चार दिवस ज्यांनी मला हो हो म्हटलं, त्यांच्यातल्या किती जणी मनात उभी धरून बसल्यात?

१८ जाने., रवि.
सुचलं! कमलताईंकडे काचेची बाटली होती. कोऱ्या चहाने भरली. चौकात ओट्यावर उभी ठेवली, बूच काढलं, आडवी केली. भडभडा सगळी मातीत.

"आडवी म्हंजे सांडली! कोनाच्याच पोटात नाही!" कमलताईंचा आवाज पार देवळापर्यंत. बाया टाळ्या पिटायला लागल्या. आता प्रत्येक गल्लीत हेच. टपरीसमोर तर मुद्दाम केलं. "मतवाल्या आल्या!" असं आता आम्हीच ओरडतो. भारी मजा.

सासूबाई मात्र घरातून हलल्या नाहीत. बाटली दाखवायला गेले तर म्हणाल्या, "दुकान बंद झालं त तो दुसऱ्या गावाले जाईन. रस्त्यात पडला त कोन उचलन?"

मी बाटली खाली ठेवली. एवढंच म्हणाले, आई, तुमचं मत तुमचं. गुप्त असतं. ह्यांनाही सांगायचं नाही, मलाही नाही.

२५ जाने., रवि.
रांग शाळेच्या फाटकाबाहेर! बाळंतीण आली, काठी टेकत टेकत म्हाताऱ्या आल्या. मी आडवीवर शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

दुपारी सासूबाई एकट्या निघाल्या. नवं लुगडं. संजूभाऊ ओट्यावर बसलेले, शुद्धीत. म्हणाले, "माय, उभीवर मार बरं." सासूबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

परत आल्या, बोटाला शाई. मला धीर कुठला! आई, कुठं मारला?

"काऊन सांगू? गुप्त असते म्हणे ना?"

संजूभाऊंनीही विचारलं. त्यांनाही तेच. मग पदर खोचून चुलीकडे वळल्या आणि आमच्या दोघांकडे न बघताच म्हणाल्या, "मी बी मतवालीच हावो आता."

शाळेत मोजणी सुरू झाली आहे. कमलताई हाका मारतायत, चप्पल सापडत नाही