निंघ म्हणायचा हक्क

मी, अण्णाजी पुंडलिकराव वैरागडे, वय बहात्तर, शिक्षण चौथी, धंदा बारदान्याचा, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीत धडधडते, झोप कमी आहे, कुलूप लावले की नाही हे मी तीनदा पाहतो; पण याला वेड म्हणत नाहीत हे डॉक्टरांना विचारून घेतले आहे. पुढे कोणी म्हणेल म्हातारा भ्रमिष्ट होता, म्हणून आधीच लिहिले. दबाव कोणाचा नाही.

कलम १. बाजारातले तीन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. कागदात ‘स्वकष्टार्जित’ लिहिले आहे. ते पूर्ण खरे नाही. फाटकी पोती मी विकत आणायचो. शिवायची माझी पत्नी सौ. आनंदाबाई, मागच्या पडवीत बसून, बत्तीस वर्षे. गिऱ्हाईक म्हणायचे, “अण्णाजी, तुमच्या हातचा टाका सुटत नाई.” मी हो म्हणायचो.

माझ्या पश्चात हे घर आनंदाबाईच्या मालकीचे. ठेवावे, विकावे, तिची मर्जी. तिच्यानंतर सून सौ. आकांक्षा हिचे. मुलगा मुकेश याला त्यात राहण्याचा हक्क आहे. घरातल्या बाईला ‘निंघ’ म्हणायचा हक्क नाही. हे दोनदा वाचावे. मुकेशला राग येईल, म्हणून कारणही लिहितो.

कलम २. खुंटीवरची पिशवी. स्वयंपाकखोलीच्या दाराआड खुंटीवर आनंदाबाईची एक कापडी पिशवी लग्नापासून आहे. पिशव्या बदलल्या, खुंटी तीच. मला वाटायचे, चिंध्या असतील.

अठ्ठ्याण्णव साली तिची धडधड फार वाढली आणि वर्ध्याच्या दवाखान्यात भरती करावे लागले. मी म्हणालो, घरून लुगडे घेऊन येतो. ती म्हणाली, “खुंटीवरची पिशवी आणजा. त्यात सगळं हाय.” मी ती उघडली. एक लुगडे, चोळी, फणी, साबणाची वडी, आणि रुमालात बांधलेले पैसे. ते देवळीहून अल्लीपूरचे, म्हणजे तिच्या माहेरचे, बरोबर एका माणसाचे भाडे होते. एसटीचे भाडे वाढले की ती मला विचारायची, “अवो, अल्लीपूरचं तिकीट किती झालं?” मी सांगायचो. मला वाटायचे, बाईला माहेरची आठवण येते.

डॉक्टरांनी मला विचारले, “घर कोणाच्या नावावर आहे?” छातीचा आणि घराचा काय संबंध, असे मला वाटले. बसमध्ये संबंध लागला. मी तिला आयुष्यात तीनदा ‘निंघ माह्या घरातून’ म्हणालो आहे. एकदा भाजी खारट झाली तेव्हा, एकदा ती न विचारता भावाकडे गेली तेव्हा, एकदाचे कारण आठवत नाही. तीनदाच ना, असे तिला विचारले. ती म्हणाली, “मी मोजून थोडीच ठेवलं?”

कलम ३. हातांची लाकडी खुर्ची आनंदाबाईला. मला धडधडले की माझी आई देवकाबाई हीच खुर्ची ओढून द्यायची आणि म्हणायची, “पोराच्या जिवाले किती काळजी.” आनंदाबाईला धडधडले की म्हणायची, “नाटकं करते.” दुखणे एकच होते. आई गेली, तिच्यावर आता राग नाही. थोडा आहे.

कलम ४. दुकान, काटा, सुया, सुतळीचे गठ्ठे मुकेशला. पोस्टातली रक्कम आनंदाबाईला. त्यातून काय घेतले हे तिला कोणी विचारू नये.

कलम ५. उशीर का झाला. दवाखान्यातून आल्यावर पाच वर्षे मी नुसता विचार केला. मग घर तिच्या नावावर करतो म्हणून शेजारच्या मोतीलालशी बोललो. तो म्हणाला, “करा, करा. उद्या तीच तुमाले म्हणन, निंघ बुढ्या.” मी हसलो. पण ती भीती तीन वर्षे माझ्या छातीत राहिली आणि कागद तसाच राहिला. आनंदाबाई त्याच भीतीत बत्तीस वर्षे पोती शिवत होती, हे मला तेव्हा सुचले नाही.

यंदा दिवाळीत मुकेश आकांक्षाला म्हणाला, “घर माह्या बापाचं हाय. निंघ.” कारण साधे होते, तिने शिलाईच्या क्लासची फी परस्पर भरली होती. चार दिवसांनी मी दाराआड पाहिले. आनंदाबाईच्या पिशवीशेजारी नवा खिळा होता आणि त्याला नवी पिशवी. मी उघडून पाहिली नाही. त्याच दुपारी हे लिहायला बसलो.

कलम ६. हे कलम सही करण्याआधी वाढवले आहे. वरचे सर्व मी साक्षीदारांसमोर आनंदाबाईला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “म्हणजे तुम्ही गेल्यावर मले कोणी काढणार नाई?”

मी म्हणालो, “नाही.”

“अन् तवर?”

मोतीलाल चपलेकडे पाहू लागला. मी पेन पुन्हा उघडले. लिहितो की येत्या सोमवारी, दिनांक २० ला, मी अर्धे घर बक्षीसपत्राने तिच्या नावावर नोंदवून देईन, मी जिवंत असतानाच. उरलेल्या अर्ध्याला हे मृत्युपत्र लागू राहील. माझ्या भीतीचे मी पाहून घेईन.

पिशवी आता उतरव, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “सोमवार होऊ द्या. दोन्ही संगंच काढू.” तिने नाही उतरवल्या तरी कोणी हात लावू नये.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच.

सही: अण्णाजी पुंडलिकराव वैरागडे

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. मोतीलाल, किराणा दुकानदार, देवळी (माझे ते बोलणे थट्टेचे होते. मोतीलाल)
२. बाबाराव, निवृत्त शिक्षक, देवळी

ठिकाण: देवळी
दिनांक: १६ नोव्हेंबर २००६, गुरुवार